जुना ऑल-इन-वन कॉम्प्युटर मॉनिटर म्हणून वापरता येतो का?

आमच्या वर्ध्यात हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. क्लासमधला किंवा झेरॉक्सच्या दुकानातला ऑल-इन-वन दहा वर्षांत कासवासारखा चालायला लागतो, पण स्क्रीन ठणठणीत असते. सहा इंची मोबाईलवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला ती २० इंची स्क्रीन फुकट मिळाली तर कुणाला नको? फक्त केबल विकत घेण्याआधी पुढचं वाचा.

१) एचडीएमआय पोर्ट 'इन' आहे की 'आउट'?

सगळा घोळ इथेच होतो. बहुतेक ऑल-इन-वनचा एचडीएमआय पोर्ट 'आउट' असतो, म्हणजे तो चित्र बाहेर पाठवतो, आत घेत नाही. अशा पोर्टला लॅपटॉप जोडला तर काहीच दिसणार नाही. एचपी, लेनोवो, डेल यांच्या काही मॉडेल्सना 'एचडीएमआय इन' असतो. पोर्टजवळची अक्षरं वाचा. 'इन' असेल तर केबल लावा आणि सोर्स बदला, काम झालं.

२) आयमॅक असेल तर

२००९ च्या अखेरीचे आणि २०१० चे २७ इंची आयमॅक मिनी डिस्प्लेपोर्टने, तर २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंतचे थंडरबोल्टने मॉनिटर बनतात. त्यासाठी कमांड आणि एफ२ ही बटणं एकत्र दाबायची. रेटिना ५के आयमॅकमध्ये मात्र ही सोय नाही.

३) विंडोज चालू होत असेल तर

केबलशिवायही जमतं. विंडोज १० किंवा ११ मध्ये ऑप्शनल फीचर्समधून 'वायरलेस डिस्प्ले' टाका, मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' सुरू करा. कॉम्प्युटरच्या वायफायला मिराकास्ट चालायला हवं. लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबा. सॅमसंग फोनवर स्मार्ट व्ह्यू उघडा. आयफोनमध्ये मिराकास्ट नसतं.

अँड्रॉइडसाठी मला 'एससीआरसीपीवाय' जास्त आवडतं. ते मोफत आहे, लिनक्सवरही चालतं. फोनमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करून डेटा केबल लावली की फोन मोठ्या स्क्रीनवर दिसतो, माऊस-कीबोर्डनेही चालतो. नेट लागत नाही, म्हणून डेटा खर्च होत नाही. काम झालं की डिबगिंग बंद करा.

४) मदरबोर्डच गेला असेल तर

पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा मॉडेल नंबर बघून त्याला जुळणारा एलसीडी कंट्रोलर बोर्ड मिळतो. कनेक्टर, रिझोल्यूशन आणि बॅकलाइट तिन्ही जुळायला हवेत. पण स्वतः उघडू नका. आत पॉवर सप्लाय असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि जुन्या ट्यूबवाल्या बॅकलाइटचा इन्व्हर्टर शेकडो व्होल्ट तयार करतो. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या.

मग करावं काय?

'इन' पोर्ट असेल किंवा विंडोज चालत असेल तर नक्की वापरा. बोर्ड आणि मजुरी मिळून सेकंडहँड मॉनिटरएवढा खर्च येत असेल तर सरळ मॉनिटरच घ्या. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे अशा मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत. आणि भंगारात देणार असाल तर आधी हार्ड डिस्क काढून घ्या. कुणाची मार्कशीट, कुणाचं आधार त्यात पडलेलं असतं.

माहिती कामाची वाटली तर मित्रांना नक्की पाठवा!