किरणांचा शेक आणि कर्करोग्याची वेदना

शेकाचे महत्त्व राजापूरकराला सांगावयास नको. गावाशेजारी उन्हाळे येथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि गुडघे धरलेली, कंबर आखडलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे अंग शेकत आली आहेत. त्यामुळेच मुंबईत कोणा आप्ताला कर्करोगावर ‘विजेचा शेक’ देत आहेत असे कानी आले, की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम चटका उभा राहतो. ही भीती कोठून आली आणि ती कितपत खरी आहे, हे इतिहासालाच विचारू या.

१८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. पुढल्याच वर्षी डॉक्टरांनी ते कर्करोगाच्या गाठींवर वापरून पाहिले. १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधले. परंतु किरण किती द्यावेत याचे माप त्या काळी कोणापाशी नव्हते. रोग्यांची कातडी भाजली. हाताळणाऱ्यांच्या बोटांना व्रण पडले आणि त्यांतील काहींना कर्करोगच जडला. तेव्हा आपली भीती निराधार नव्हती. मात्र तिचे कारण किरणांचे माप ठाऊक नसणे हे होते. पुढे मापे ठरली, यंत्रे सुधारली. भीती मात्र जुनीच राहिली.

आपल्याकडे या उपचाराचे मोठे घर उभे राहिले ते परळला. मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. तसे उपचार या देशात व्हावेत ही त्यांच्या पतीची, दोराबजींची इच्छा. पण १९३२ साली तेही निवर्तले. अखेर २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९६२ साली ते अणुशक्ती खात्याकडे आले. ज्या अणूने १९४५ साली हिरोशिमा बेचिराख केले, तोच येथे रोग्याच्या सेवेला लागला! आणि परळ म्हणजे गिरणगाव. आपल्या कोकणच्या चाकरमान्यांचे दुसरे घरच. जैतापूर-मुसाकाजीहून बोटीने गेलेल्या कित्येक रोग्यांना तेथील गावकऱ्यांच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळाली असेल.

आता वेदनेकडे वळू. किरण अंगात शिरताना दुखत नाही. ऊबही जाणवत नाही. छायाचित्र काढताना जितके कळते तितकेच. दुखते ते दोन कारणांनी. एक म्हणजे मूळ रोग : गाठ नसांवर दाबते, हाडात शिरते. दुसरे, किरणांचा मागाहून होणारा परिणाम. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात उपचार सहा-सात आठवडे चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, पेजसुद्धा गिळवत नाही. तंबाखू-मिश्रीपायी हा रोग आपल्याकडे फार, म्हणून ही वेदनाही फार. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ती बहुधा ओसरते. परंतु तोवर धीर सुटून उपचार अर्ध्यावर टाकला, तर रोग बळावण्याची भीती असते.

उलट, रोग हाडांत पसरला असता हेच किरण वेदनेवरचे औषध ठरतात. एकाच दिवशी आठ ग्रे मात्रा दिली तरी दहा दिवसांच्या उपचाराइतकाच आराम पडतो, असे अनेक देशांतील चाचण्यांत दिसून आले आहे. पहिले काही दिवस दुखणे कधी वाढते. मग दोन-चार आठवड्यांत दहांपैकी सुमारे सहा जणांना उतार पडतो. दूर गावाहून येणाऱ्याला एका खेपेत काम होणे ही केवढी सोय!

जेथे किरण पुरे पडत नाहीत तेथे मॉर्फिन. १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्याने ते अफूतून वेगळे काढले. भारत तर कायदेशीर अफू पिकवणारा देश. पण व्यसनाला आळा घालण्यासाठी १९८५ साली कडक कायदा झाला आणि परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. घरात विहीर आणि तोंडाला कोरड, अशातली गत झाली! जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत वेदनाशमनाच्या तीन पायऱ्या घालून दिल्या. त्याच वर्षी वांद्र्याला शांती आवेदना हे अखेरच्या अवस्थेतील कर्करोग्यांचे सेवागृह निघाले. कायदा मात्र २०१४ साली सैल झाला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेपुरते मॉर्फिन घेणाऱ्या कर्करोग्याला त्याचे व्यसन क्वचितच लागते, ही गोष्ट घरोघर पोहोचावयास हवी.

आपली माणसे सोशिक. ‘बरां आसा’ म्हणून उशीत तोंड खुपसतील, पण डॉक्टरला सांगणार नाहीत. या इतिहासाचे सार इतकेच, की वेदना मोजता येते आणि पुष्कळदा आवरताही येते. पण ती आधी सांगितली पाहिजे. उशाशी बसणाऱ्याने रोज एवढेच विचारावे : कोठे दुखते, किती दुखते, झोप लागली का? आणि जे उत्तर मिळेल ते न लाजता डॉक्टरांच्या कानी घालावे.