फेरारी एफ ३५५ : देखभाल
इटलीतील मारानेल्लो येथे १९९४ ते १९९९ या काळात बनलेली स्पोर्ट्‌स कार. आसनांमागे बसवलेल्या ३.५ लिटर, आठ सिलिंडरी इंजिनात दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असतात. टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खे इंजिन गिअरबॉक्ससकट खालून उतरवावे लागते. स्वस्तात मिळालेली गाडी महाग पडते ती इथेच. गाडी नुसती उभी असली तरी रबर जुने होते, म्हणून बेल्ट किलोमीटर न पाहता ठरावीक वर्षांनी बदलतात. तो तुटल्यास पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. इंजिन बाहेर असतानाच टेन्शनर बेअरिंग, ऑइल सील आणि कूलंटचे होज पाइप पाहून घेतात. पुढील ३६० मोडेनामध्ये आसनांमागील झाकणातून बेल्टपर्यंत हात पोचतो. एफ ४३० मध्ये बेल्ट जाऊन साखळी आली.