डॉ. हेन्री सिगेरिस्ट : रुग्णाच्या बाजूने वैद्यकाचा इतिहास लिहिणारा डॉक्टर

डॉ. हेन्री सिगेरिस्ट (७ एप्रिल १८९१ – १७ मार्च १९५७) हे स्विस डॉक्टर आणि वैद्यकशास्त्राचे इतिहासकार होते. जन्म पॅरिसचा, वैद्यकीय पदवी झ्युरिकची, १९१७ सालची. १९२५ मध्ये ते जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाच्या वैद्यक-इतिहास संस्थेचे प्रमुख झाले. १९३२ ते १९४७ या काळात त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अशाच संस्थेचे संचालकपद सांभाळले.

तोवर वैद्यकाचा इतिहास म्हणजे मुख्यतः थोर डॉक्टरांची चरित्रे आणि शोधांची यादी. अशी चरित्रे सिगेरिस्ट यांनीही लिहिली. पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता: आजारी कोण पडतो, उपचार कोणापर्यंत पोहोचतात आणि समाज आजारी माणसाला कसे वागवतो? मध्ययुगीन युरोपात कुष्ठरोग्याला वस्तीबाहेर काढत आणि जिवंतपणीच मेलेला मानत. रोगाइतकीच ही वागणूकही त्यांच्या अभ्यासाचा विषय होती. हे वाचताना आम्हाला गावकुसाबाहेरचे जिणे आठवले नाही तरच नवल. रोगाचा संबंध अन्न, घर, काम, धर्म आणि कायदा यांच्याशी जोडणारे त्यांचे पुस्तक १९४३ मध्ये आले.

ते ग्रंथालयातच बसून राहिले नाहीत. १९४४ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताने त्यांना आरोग्यसेवेची पाहणी करायला बोलावले. तेथे १९४७ पासून सार्वत्रिक रुग्णालय विमा लागू झाला. सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेवरही त्यांनी १९३७ मध्ये पुस्तक लिहिले, परंतु स्टालिनच्या राजवटीतील दडपशाहीकडे त्यात डोळेझाक झाली. ही त्यांची मोठी चूक होती, असे आमचे मत आहे.

१९४४ च्या अखेरीस ते भारतात आले, ते भोर समितीला सल्ला देण्यासाठी. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व या समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना हा अहवाल आजही उघडावा लागतो. भारतात वैद्यक-इतिहासाची संस्था असावी, असा आग्रह सिगेरिस्ट यांनी समितीपुढे धरला होता.

१९४७ मध्ये पद सोडून ते स्वित्झर्लंडमधील पुरा गावी राहायला गेले. वैद्यकाचा इतिहास आठ खंडांत लिहायचा बेत होता. पहिला खंड १९५१ मध्ये निघाला. प्राचीन ग्रीक, भारतीय आणि इराणी वैद्यकावरचा दुसरा खंड अपुराच राहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये छापला गेला.