योकुलसार्लोन : एका दिवसात हिमनगांपर्यंत

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथून भल्या सकाळी निघायचे, वाटेत धबधबे व हिमनद्या पाहायच्या, योकुलसार्लोन या सरोवरातले तरंगते हिमनग डोळ्यांत साठवायचे आणि त्याच रात्री परतायचे, अशी एक सहल पर्यटकांत फार लोकप्रिय आहे. जाण्याचे अंतर सुमारे ३७५ किलोमीटर आणि येण्याचे तितकेच. बसगाड्यांना या फेरीसाठी १४ ते १५ तास लागतात. त्यातला बराचसा वेळ खिडकीशी बसूनच जातो. पण या रस्त्याच्या बाबतीत ती तक्रार होऊ शकत नाही.

नकाशावरील नावे पाहून दचकण्याचे कारण नाही. शेवटी 'फॉस' असेल तर तो धबधबा, 'योकुल' असेल तर हिमनदी आणि 'सांदुर' असेल तर वाळूचे मैदान, एवढे ध्यानात ठेवले की नकाशा बोलू लागतो. देशाच्या भूभागापैकी सुमारे एक दशांश भाग बर्फाखाली आहे. त्यातील सर्वांत मोठा हिमप्रदेश वात्नायोकुल हा होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या बारापटीहून अधिक भरते. त्याच्या पोटात जागृत ज्वालामुखी आहेत.

दोनेक तासांत पहिला मोठा धबधबा येतो, सेल्यालान्ड्सफॉस. साठ मीटरवरून कोसळणाऱ्या या धारेच्या मागे पायवाट आहे आणि पाण्याच्या पडद्याआडून बाहेरचे मैदान न्याहाळता येते. (रेनकोट नसेल त्याने हा मोह टाळावा.) पुढचा स्कोगाफॉस उंचीने तेवढाच, पण पंचवीस मीटर रुंद. २०१५ सालच्या 'दिलवाले' चित्रपटातील 'गेरुआ' या गाण्यामुळे भारतीय प्रेक्षकांना तो ओळखीचा वाटतो. दोन्ही धबधबे ज्या कड्यावरून पडतात तो एकेकाळी समुद्रकिनारा होता. आज समुद्र तेथून काही किलोमीटर दूर आहे, कारण नद्यांनी आणलेल्या गाळाने नवी जमीन तयार केली. सेल्यालान्ड्सफॉसचे पाणी येते ते एयाफ्याल्लायोकुलवरून. २०१० च्या उद्रेकात राखेने युरोपची विमानवाहतूक ठप्प करणारा डोंगर तो हाच.

वीक गावाजवळचा काळ्या वाळूचा किनारा आणि तेथील षट्कोनी खांबांसारखे कातळ अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची आठवण करून देतात. लाव्हा सावकाश थंड होताना पडणाऱ्या भेगांचाच हा प्रकार आहे. मात्र येथे समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. शांत लाटांमागून अचानक एक मोठी लाट येऊन पर्यटकांना ओढून नेल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत.

वीकच्या पुढे वस्ती विरळ होते आणि रस्ता स्केइदाराउरसांदुर या उजाड मैदानात शिरतो. हिमनद्यांच्या पुरांमुळे येथे पूल बांधणे इतके अवघड होते की, देशाला वेढणारा महामार्ग १९७४ मध्ये याच ठिकाणी पूर्ण झाला. १९९६ च्या सप्टेंबरअखेर वात्नायोकुलखाली उद्रेक झाला. वितळलेले पाणी महिनाभर बर्फाखालच्या सरोवरात साचत राहिले आणि ५ नोव्हेंबरला बाहेर फुटले. एक पूल पूर्ण वाहून गेला, दुसऱ्याचा काही भाग तुटला. त्या पुलाच्या पिळवटलेल्या पोलादी तुळया आज रस्त्याकडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत.

आणि मग एका झुलत्या पुलाशी योकुलसार्लोन समोर येते. काळसर पाण्यावर निळे, पांढरे, काही दुधी, काही राखेचे काळे पट्टे असलेले हिमनग तरंगत असतात. दाबाखाली हवेचे बुडबुडे निघून गेलेला बर्फ लाल रंग शोषतो, म्हणून तो निळा दिसतो. हिमनगाचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. तो वितळता वितळता तोल जाऊन मोठ्या आवाजासह कलंडतोही.

हे दृश्य अनादी काळापासून असेच असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात हे सरोवर शंभर वर्षांचेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वात्नायोकुलची येथे उतरणारी हिमनदी समुद्रापासून काहीशे मीटरवर येऊन ठेपली होती. त्याआधीच्या थंड शतकांत तिने पुढे सरकताना शेते व घरे गिळली होती. विसाव्या शतकात हवामान उबदार झाल्यावर ती मागे हटू लागली आणि १९३०च्या दशकाच्या मध्यास तिच्या तोंडाशी पाणी साचले. १९७५च्या सुमारास सरोवर आठेक चौरस किलोमीटरचे होते. त्यानंतर ते दुपटीहून मोठे झाले असून आज ते देशातील सर्वांत खोल सरोवर आहे. ज्या हिमनगांसाठी जग येथे येते ते हिमनदीच्या माघारीचेच तुकडे आहेत. बर्फाखालचा खोल चर समुद्रसपाटीहून खाली असून तो आत सुमारे वीस किलोमीटर जातो, असे रडारच्या मोजणीतून दिसून आले आहे. हिमनदी हटत गेली तर उद्या येथे समुद्राची लांबच लांब खाडी असेल.

समुद्र आताही आत येतोच. सरोवराला समुद्राशी जोडणाऱ्या आखूड नदीतून भरतीचे खारे, तुलनेने उबदार पाणी शिरते. त्यासोबत मासे येतात व माशांमागे सील. पण हेच पाणी बर्फ वितळण्याचा वेग वाढवते. नदीने पूर्वी किनाऱ्याला दिलेला गाळ आता सरोवराच्या तळाशी बसतो. त्यामुळे किनारा झिजत असून १९६७ चा पूल आणि महामार्ग यांच्या संरक्षणासाठी दगडी बांध घालावे लागले आहेत. नदीतून वाहून गेलेले बर्फखंड काळ्या वाळूवर परत फेकले जातात. त्या किनाऱ्याला पर्यटक 'हिऱ्यांचा किनारा' म्हणतात, पण काही दिवशी तेथे एकही हिरा नसतो.

सरोवरातील नौकाफेऱ्या साधारण मे ते ऑक्टोबर चालतात. बर्फातील गुहांचे आकर्षण मोठे असले तरी ऑगस्ट २०२४ मध्ये याच हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला, हे विसरू नये. उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फात शिरणे धोक्याचे आहे. डिसेंबरात उजेड जेमतेम चार-पाच तासांचा असतो. तेव्हा एकाच दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास केला तर धबधबे तरी अंधारात पाहावे लागतात किंवा हिमनग तरी. अशा वेळी वाटेत एक मुक्काम करणे बरे. जूनमध्ये मात्र मध्यरात्री परततानाही बाहेरचे सारे दिसत असते.