कुडाची भिंत, साडीचा काठ

घर बांधणारा आणि कपडे शिवणारा यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर आपण चटकन म्हणू, 'काहीच नाही.' एकाच्या हातात थापी आणि ओळंबा, दुसऱ्याच्या हातात कात्री आणि सुई. पण थोडा विचार केला तर दोघांचं काम एकच आहे हे लक्षात येतं. ऊन, वारा, पाऊस आणि चार लोकांची नजर यांच्यापासून माणसाला आडोसा द्यायचा, आणि तो देताना तो माणूस कोण, कुठला, हेही सांगायचं. संस्कृतात 'वस्' असे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ राहणे, दुसऱ्याचा अर्थ नेसणे. पहिल्यावरून 'वसती' आणि 'वास्तू' हे शब्द आले, दुसऱ्यावरून 'वस्त्र'. व्याकरणात ते दोन वेगळे धातू आहेत, कानाला मात्र एकच ऐकू येतो.

वास्तुकला आणि फॅशन यांच्या नात्याविषयी बोलायचं म्हटलं की लोक पॅरिस आणि मिलानच्या गोष्टी सांगतात. मी आज पालघर, बोईसर, तारापूर या आपल्या पट्ट्याविषयी बोलणार आहे. तारापूर म्हटलं की आपल्याला १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं, बोईसर म्हटलं की औद्योगिक वसाहत. पण या रेल्वेमार्गापासून पूर्वेला डोंगराकडे निघालं की डहाणू, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवर भिंत आणि वस्त्र यांचं नातं जितकं स्पष्ट दिसतं, तितकं ते जगात फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

आधी एका जर्मन माणसाची ओळख करून देतो. गॉटफ्रीड झेंपर हे त्याचं नाव. ड्रेस्डेनमधला हा नामांकित वास्तुविशारद १८४९च्या उठावात सामील झाला आणि त्याला देश सोडून पळावं लागलं. तो लंडनला पोहोचला. तिथे १८५१ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याने कॅरिबियन बेटांवरच्या एका झोपडीची प्रतिकृती पाहिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने घराची चार मूलतत्त्वं सांगितली होती : चूल, जोतं, छप्पर आणि विणलेला आडोसा. त्याचं म्हणणं असं, की भिंत ही मुळात दगडविटांची नव्हतीच. माणसाने आधी फांद्या गुंफल्या, चटया विणल्या आणि त्या टांगून जागा अडवली. दगडी भिंत नंतर आली, आणि तिच्यावरची नक्षी ही त्या जुन्या विणीचीच आठवण आहे. जर्मन भाषेत भिंतीला 'वांड' म्हणतात आणि वस्त्राला 'गेवांड', याकडेही त्याने बोट दाखवलं होतं.

झेंपरला पुरावा शोधायला कॅरिबियन झोपडीपर्यंत जावं लागलं. आपल्याकडे तो कुडाच्या रूपाने शतकानुशतकं उभा होता. वारली घराच्या भिंतीला 'कूड' म्हणतात. त्यासाठी कारवी लागते. सह्याद्रीच्या उतारावरचं हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं, सगळे डोंगर जांभळे करून टाकतं, आणि बी धरलं की वाळून जातं. या सरळ, हलक्या कारव्या ओळीने उभ्या करायच्या, त्यांना बांबूच्या कामट्या आडव्या घालून बांधायच्या. उभ्या कारव्या म्हणजे ताणा आणि आडव्या कामट्या म्हणजे बाणा, असंच म्हणा ना. मग त्यावर शेण आणि माती कालवून बायका हाताने लिंपण करतात. आत विणलेला सांगाडा आणि वरून चढवलेलं अस्तर. शिंप्याने कोट शिवावा तशी ही भिंत आहे. ती दर वर्षी पुन्हा सारवावी लागते, जशी कपड्याला धुणं आणि ठिगळ लागतं.

या भिंतीला खरा साज चढतो तो लग्नात. आतल्या अंधाऱ्या खोलीतली एक भिंत गेरूने लाल करतात. तांदूळ वाटून त्याचं पांढरं पातळ पीठ करतात आणि सुवासिनी बांबूची काडी टोकाशी चावून, तिची कुंचली करून चौक लिहितात. 'काढतात' असं न म्हणता 'लिहितात' म्हणायची रीत आहे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. तिच्याभोवती झाडं, सूर्य, चंद्र, माणसं. आणि या सगळ्याला चहूबाजूंनी पट्ट्यापट्ट्यांची चौकट, कधी नागमोडी रेघांची, कधी साखळीची, कधी लहान त्रिकोणांची. हे पट्टे पाहताना मला नेहमी साडीचा काठ आठवतो. चौक लिहिल्याशिवाय आणि धवलेरीने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ही भिंत शोभेची नव्हे. नवरीला जसं लग्नाचं लुगडं, तसं घराला हे लग्नाचं नेसू.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या बायका भिंतीवर एवढी नक्षी काढत, त्यांच्या स्वतःच्या अंगावर ती नक्षी कधीच नव्हती. गुडघ्यापर्यंत नेसलेलं बाजारचं साधं लुगडं, एवढंच त्यांचं वस्त्र. तेही मिळवणं सोपं नव्हतं. या भागात जमीनदार आणि सावकार यांच्या राज्यात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण ते फेडण्यासाठी सावकाराच्या दारी राबायचा, आणि अनेकदा त्याच्याबरोबर त्याची बायकोही. ज्या लग्नासाठी भिंत सजली, त्याच लग्नाने माणूस गहाण पडे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध लढा उभारला. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा इतिहास सांगितला आहे. आज आपण वारली नक्षीचा कुडता घालतो, तेव्हा त्यातली नाचणारी माणसं फार आनंदी दिसतात. त्यांच्या इतिहासात हेही आहे.

भिंत सोडून हे चित्र बाहेर पडलं ते १९७०च्या दशकात. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले. यापूर्वी बिहारमध्ये दुष्काळ पडला होता तेव्हा त्यांनी मिथिलेच्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला कागद दिले होते, म्हणजे रोजगार व्हावा. तोच प्रयोग इथे झाला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले आणि त्यांनी इतिहास घडवला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रं लागली, १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात ती पोहोचली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. मशे यांनी चौकाबाहेरचं जग चित्रात आणलं : मासेमारी, शेती, मुंग्या, पाऊस. पण त्याबरोबर एक मोठा बदल झाला. चौक हा सुवासिनींचा अधिकार होता, कागद मात्र बहुतेक पुरुषांच्या हाती गेला. विधीला लागत होती ती बाई, आणि बाजाराला लागला तो सही करणारा कलावंत.

कागदावरून कापडावर यायला वेळ लागला नाही. त्याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. वारली चित्र दोन रंगांचं असतं, सपाट असतं, त्यात छाया-प्रकाश नसतो. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की धड तयार. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला याहून सोयीचं काय असणार? एकच स्क्रीन आणि एकच पांढरा रंग. पण भिंत आणि कापड यांचे नियम वेगळे आहेत. चौकाला एकच केंद्र असतं, तर मीटरवर विकायच्या कापडाला पुनरावृत्ती लागते. दर हातभर अंतरावर तेच चित्र पुन्हा आलं पाहिजे. तारप्याच्या नाचाची रांग खरी तर शेवटाला मोकळी असते. तारपा वाजवणाऱ्याभोवती ती वळत जाते आणि नवीन माणूस शेपटाला येऊन मिळू शकतो. छापील कापडावर बहुतेक वेळा तिचं बंद रिंगण होऊन जातं.

साडीचा मामला आणखी निराळा. निऱ्यांमध्ये चित्र घडीत बुडतं. म्हणून साडी रंगवणाऱ्यांनी हुशारीने वाटणी केली. चालणाऱ्या माणसांची मिरवणूक काठावर, मोठं दृश्य पदरावर, आणि अंगभर एखाद-दुसरी बुट्टी. कुडत्यात चित्राला जागा मिळते ती पाठीवर. फॅशनच्या इतिहासात असा पेच इतरांनाही पडला आहे. १९६५ साली पॅरिसच्या इव्ह सां लोराँने मोंद्रियानच्या चित्रांतले रंगीत चौकोन झग्यावर आणले, तेव्हा रेषा मोडू नये म्हणून त्याने झगा सरळ पिशवीसारखा बेतला आणि चौकोन न छापता वेगवेगळ्या कापडाचे तुकडे जोडले. तिथे चित्रासाठी बेत बदलला. आपल्याकडे बेत साडीचाच राहिला, चित्राने त्यात जागा करून घेतली.

आता बोईसरकडे वळू. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं आणि पोलादाइतकाच कापडाचा धंदा आहे. सूटिंग-शर्टिंग विणलं जातं, कापड रंगवलं जातं, आणि पडदे व सोफ्याची कापडं तयार होतात, ती परदेशातही जातात. डोंगरातल्या माणसाने कुडाला अस्तर चढवावं, आणि खाली सपाटीवर यंत्रमागाने शहरातल्या फ्लॅटसाठी अस्तर विणावं, हा योगायोग मला बोलका वाटतो. पडदा म्हणजे झेंपरचा टांगलेला आडोसाच की! या कापडाच्या आणि रसायनांच्या रंगाची किंमतही इथल्याच लोकांनी मोजली आहे. वसाहतीच्या सांडपाण्यामुळे खाड्या आणि मासेमारी नासल्याची किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची तक्रार हरित लवादापर्यंत गेली.

गोष्ट इथे संपत नाही, कारण कापडावर लोकप्रिय झालेलं चित्र पुन्हा भिंतीवर परतलं. शाळांची कुंपणं, हॉटेलांचे दर्शनी भाग, सरकारी कार्यालयं, रेल्वे स्थानकं, सगळीकडे वारली माणसं नाचू लागली. रंगाच्या दुकानात वारली नक्षीचे तयार साचे मिळतात. आणि या नव्या भिंती नीट पाहा. अनेकदा खाली किंवा छताच्या लगत एक लाल पट्टा ओढलेला असतो आणि त्यावर एका ओळीत माणसं चालत असतात. ही रचना चौकाची नाही, ती साडीच्या काठाची आहे. भिंतीने वस्त्राला चित्र दिलं, आणि वस्त्राने ते आपल्या पद्धतीने बेतून भिंतीला परत केलं. वास्तू आणि वेशभूषा यांची देवाणघेवाण म्हणतात ती हीच.

मात्र या देवाणघेवाणीत मूळ भिंत हरवत चालली आहे. घरकुल योजनांतून पाड्यांवर विटा-सिमेंटची घरं आली. ती यायलाच हवी होती. गळकं छप्पर आणि वाळवी लागलेला कूड यांत राहणाऱ्याला आपण शहरात बसून परंपरा शिकवणं बरं नव्हे. कारवीही आता पूर्वीसारखी सहज मिळत नाही. पण सिमेंटच्या भिंतीवर गेरू आणि तांदळाचं पीठ धरत नाही. शिवाय दर वर्षी सारवण्याची गरज संपली की बायकांचं एकत्र येऊन भिंत नवी करणंही संपतं. चित्र टिकलं, ते काढण्याचं निमित्त मात्र विरळ झालं.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ही मोठी गोष्ट आहे, आणि आदिवासी तरुणांनी त्यासाठी मेहनत घेतली. पण हा कायदा मुख्यतः नावाचं रक्षण करतो. दोन त्रिकोणांचा माणूस उचलून कुणी 'ट्रायबल प्रिंट' म्हणून ठाण भरभरून छापला, तर कायद्याचा हात तिथवर पोहोचणं कठीण. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांची म्हणून चालत आलेली आकृती कुणा एकाच्या मालकीची नसते, आणि बाजार त्याचाच फायदा घेतो.

मग आपण काय करायचं? वारली साडी नेसायचीच नाही का? मला तसं वाटत नाही. या चित्राने अनेक आदिवासी घरांत पैसा आणला आहे, मुलांच्या फिया भरल्या आहेत. फक्त विकत घेताना दोन प्रश्न विचारावेत. हे हाताने काढलंय की छापलंय? आणि काढलंय तर कुणी, कोणत्या पाड्यावर? दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तरी चालेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवतो. आणि आपल्या जिल्ह्यात नवी शाळा, नवं कार्यालय उभं राहतं तेव्हा साचा घेऊन येणाऱ्या रंगाऱ्याऐवजी पाड्यावरच्या बायकांना ती भिंत लिहायला बोलवावं, योग्य मजुरी द्यावी आणि खाली त्यांची नावं घालावीत. २०१४च्या ऑगस्टमध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या भिंतींवर सही कुणाची असावी, हे ठरवणं आता इथल्याच लोकांच्या हातात आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)