सत्तेचा जड हात : ग्वाल्हेरचा धडा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचे नावच त्याचा इतिहास सांगते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि तो पुन्हा हलला नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती पेठा वसल्या. त्यांपैकी दाना ओली या नावाचा अर्थ मराठी माणसाला निराळा सांगावा लागत नाही. ती दाण्याची, म्हणजे धान्याची ओळ. फौज लढते तलवारीवर, परंतु जगते धान्यावर. राज्यसत्तेचेही तसेच आहे. हुकूम राजवाड्यातून किंवा सचिवालयातून सुटतो. तो टिकतो मात्र बाजारातील सामान्य माणसाच्या संमतीवर. या साध्या गोष्टीचा सत्ताधाऱ्यांना विसर पडला म्हणजे काय होते, हे ग्वाल्हेरने दोन वेळा पाहिले आहे.

पहिला प्रसंग १९६६-६७ सालचा. त्या वेळी मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री पंडित द्वारकाप्रसाद मिश्र हे होते. मिश्र हे सामान्य पुरुष नव्हते. ते स्वातंत्र्यलढ्यातील सेनानी, ‘कृष्णायन’ या महाकाव्याचे कर्ते आणि राजकारणातील कसलेले मुत्सद्दी होते. विधानसभेत त्यांच्या पक्षाचे वर्चस्व होते आणि विरोधक विखुरलेले होते. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे या तर काँग्रेसच्याच होत्या. १९५७ साली गुणा येथून आणि १९६२ साली ग्वाल्हेरहून त्या काँग्रेसच्या उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून गेल्या होत्या.

१९६६ च्या मार्चमध्ये बस्तरमधील जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात प्रवीरचंद्र भंजदेव आणि त्यांच्याभोवती जमलेले अनेक आदिवासी मारले गेले. त्याच वर्षी ग्वाल्हेरात विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. तेथेही पोलिसांची बंदूक चालली आणि विद्यार्थ्यांचे बळी गेले. गावात असा प्रकार घडला म्हणजे तो सरकारी अहवालापुरता राहत नाही. मेलेला मुलगा कोणाचा तरी शेजारी असतो, कोणाचा तरी वर्गबंधू असतो. राजकारणाशी ज्याचा कधी संबंध आला नाही, असा दुकानदारही त्या दिवशी एक बाजू घेऊन मोकळा होतो.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नावरून आणि उमेदवारीच्या वाटपावरून राजमाता व मुख्यमंत्री यांचे बिनसले. वाटाघाटीने हा दुरावा कदाचित मिटला असता. परंतु ज्याच्या हाती बहुमत असते त्याला वाटाघाट हा कमीपणा वाटू लागतो. राजमातांनी काँग्रेस सोडली. १९६७ च्या निवडणुकीत त्या स्वतंत्र पक्षातर्फे गुण्याहून लोकसभेवर आणि जनसंघातर्फे करेऱ्याहून विधानसभेवर निवडून आल्या. दिल्लीची जागा सोडून त्यांनी भोपाळचे विरोधी बाक पत्करले. १९६२ साली ४१ जागा मिळविणारा जनसंघ या वेळी ७८ जागांवर पोहोचला.

तरीही २९६ पैकी १६७ जागा काँग्रेसकडेच होत्या. सरकारला बाहेरून धोका नव्हता. तो आतून आला. जुलै १९६७ मध्ये गोविंदनारायण सिंह यांच्यासह काँग्रेसचे ३६ आमदार पक्ष सोडून विरोधकांना मिळाले आणि ३० जुलै रोजी संयुक्त विधायक दलाचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. पक्षांतरात पदाचा लोभ नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तथापि केवळ लोभाने एवढा मोठा गट एकाच वेळी फुटत नाही. करड्या शासनाचा जाच विरोधकांप्रमाणे स्वकीयांनाही होत असतो; फरक इतकाच की, विरोधक तो बोलून दाखवितात आणि स्वकीय संधीची वाट पाहतात.

दुसरा प्रसंग आणीबाणीचा. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. राजमातांना अटक झाली आणि त्यांना तिहारच्या तुरुंगात ठेवण्यात आले. देशभर जनसंघीय, समाजवादी आणि जुने काँग्रेसजन एकाच कोठडीत येऊन पडले. बाहेर असताना जे एका व्यासपीठावर बसावयास तयार नव्हते, त्यांना सरकारने एका पंक्तीला बसविले. वृत्तपत्रांवर नियंत्रण बसविल्यामुळे टीका थांबली. पण त्याबरोबर खरी बातमीही थांबली, आणि ती प्रथम सरकारचीच थांबली. अधिकारी वरिष्ठांना रुचेल तेवढेच कळवीत राहिले. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली तेव्हा लोकांच्या मनात काय साठले आहे याचा अंदाज राज्यकर्त्यांना नव्हता. मध्य प्रदेशातील ४० जागांपैकी काँग्रेसच्या वाट्याला छिंदवाड्याची एकच जागा आली. ग्वाल्हेरहून जनता पक्षाचे नारायण कृष्ण शेजवलकर लोकसभेवर गेले.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता. मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीवर १९५५-५६ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या चळवळीत शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. निरनिराळ्या मतांचे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पीछेहाट झाली आणि १ मे १९६० रोजी मागणी मान्य करावी लागली. त्या गोळीबाराच्या काळात मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. तेच मोरारजी आणीबाणीत एकोणीस महिने बंदिवासात राहिले आणि १९७७ साली पंतप्रधान झाले.

एवढा अनुभव गाठीशी असलेल्या सरकारने तरी वेगळे वागावयास हवे होते. परंतु ऑक्टोबर १९७७ मध्ये इंदिरा गांधींना अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी न्यायालयाने त्यांना मुक्त केले. पराभवाने एकाकी झालेल्या नेत्याकडे देशाचे लक्ष पुन्हा वळले. डिसेंबर १९७८ मध्ये त्यांचे लोकसभेचे सदस्यत्व काढून घेऊन त्यांना तिहारला पाठविण्यात आले. जनता पक्ष आपसांतील भांडणांनी पोखरला होताच. त्यात या कारवाईने इंदिरा गांधींच्या बाजूने सहानुभूतीची भर घातली. जानेवारी १९८० मध्ये त्या प्रचंड बहुमताने परतल्या. त्या निवडणुकीत रायबरेलीला त्यांच्याविरुद्ध उभ्या राहून पराभूत झालेल्या उमेदवार होत्या विजयाराजे शिंदे. तुरुंगाने एके काळी ज्या पक्षाला बळ दिले, त्याच पक्षाने प्रतिपक्षालाही तेच बळ देऊन टाकले.

यावरून दडपशाही झाली की विरोधकांचा जय ठरलेलाच, असा सोपा सिद्धांत मात्र काढता येत नाही. संताप माणसांना जवळ आणतो, पण राज्यकारभार चालवावयास संताप पुरत नाही. संयुक्त विधायक दलाचे मंत्रिमंडळ १९६९ च्या मार्चमध्ये, दोन वर्षेही पुरी न होता, कोसळले. जनता सरकारचीही गत निराळी झाली नाही. दडपशाही विरोधकांना एकी देते; एकत्र राहून करावयाचे काय, हे ती शिकवीत नाही. ते त्यांनी स्वतःच शिकावयाचे असते.

सत्ताधाऱ्यांसाठी उरणारा बोध जुनाच आहे. विरोधकाशी वाद घातला तर तो कधी जिंकतो, कधी हरतो. त्याला चिरडावयास गेले तर त्याच्या बाजूला असे लोक येऊन उभे राहतात, जे एरवी आपल्या दुकानातून उठलेही नसते. दाना ओलीसारख्या पेठेतील माणूस रोज तराजू हाती धरतो. एका पारड्यावर हात दाबून धरला म्हणजे माल वाढत नाही, दुकानाची पत मात्र जाते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.