फुकटचा पत्रा

‘ही ओळ काहीच करत नाही’ म्हणून कोडमधली एक ओळ उडवावी आणि भलतंच काहीतरी बंद पडावं, असं तुमचंही झालं असेल. माझं तर झालंयच! विमानातही असं होऊ शकतं.

१९७५ साली कॅलिफोर्नियात बर्ट रुटान यांचं ‘व्हेरीईझी’ उडालं. फोम आणि काचतंतूचं, घरच्या घरी बांधता येईल असं विमान. हलकं, गुळगुळीत. पण पत्र्यासोबत आणखी एक गोष्ट गेली.

विमानाच्या रेडिओची पाव तरंगलांबीची, म्हणजे साधारण ६० सेंमीची अँटेना खरं तर अर्धीच असते. उरलेलं अर्धं काम खालचा पत्रा फुकटात करतो. त्यालाच ग्राउंड प्लेन म्हणतात. काचतंतूवर नुसती तीच अँटेना लावली, की रेडिओ लुळा. तुम्ही हवेत, आणि टॉवरला तुमचं धड ऐकूच येत नाही!

मग हौशी लोक अँटेनेच्या बुडापासून चारी दिशांना, तिच्याएवढ्याच लांब तांब्याच्या पट्ट्या आतून चिकटवू लागले. किंवा सरळ दोन हातांची डायपोल काचतंतूतच पुरू लागले. तिला पत्रा लागत नाही, आणि काचतंतूतून लहरी आरपार जातात. कार्बनतंतूतून मात्र नाही, तो वीजवाहक.

आता कुठलीही ओळ उडवण्याआधी मी विचारतो: हा पत्रा तर नाही ना?